अंगमेहनतीचा हिशेब एकदाच

खाल्लेल्या कॅलरींची नोंद ठेवू लागलेल्या माणसापुढे पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न येऊन उभा राहतो. सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारल्या तर त्या व्यायाम म्हणून लिहायच्या, याविषयी कोणाला शंका नसते. पण अंगण झाडले, विहिरीचे पाणी काढले, बाजारातून भाजीच्या आणि मासळीच्या पिशव्या उचलून आणल्या, तिसऱ्या मजल्यावरचे घर दिवसातून तीनदा चढले-उतरले, तर या साऱ्याची नोंद कुठे करायची? ती व्यायामात धरायची, की धरायचीच नाही? गोव्यातील फोंड्यात आमच्या ओळखीपाळखीच्या लोकांत मधुमेह आणि वजन यांविषयी बोलणे सुरू झाले, की हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याची दोन टोकांची उत्तरे ऐकायला मिळतात. काही जण प्रत्येक हालचाल लिहून काढतात आणि मोबाईलने दाखवलेल्या ‘कमावलेल्या’ कॅलरी रात्रीच्या जेवणात वसूल करतात. काही जण सांगतात, की घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे, ते विसरून जा. मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि दुसऱ्या उत्तराने तर जीव दुखावतो. कारण ते बहुतेक वेळा अशा बाईला दिले जाते, जी पहाटे पाचपासून उभी असते.

माझे म्हणणे असे आहे, की रोजची कामे मोजली पाहिजेत आणि पूर्ण मोजली पाहिजेत. मात्र ती एकदाच मोजली पाहिजेत, आणि त्यांची जागा व्यायामाच्या रकान्याच्या कितीतरी आधी ठरणाऱ्या एका आकड्यात आहे. तो आकडा नीट ठरला, तर पुढचे बहुतेक वाद उरत नाहीत. तो चुकला, तर मग व्यायामाच्या रकान्यात कितीही काटेकोरपणे लिहिले, तरी हिशेब जुळत नाही.

शरीर दिवसभरात जी ऊर्जा खर्च करते, तिचा मोठा वाटा आपण काहीही न करता जातो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालू ठेवणे आणि अंगाची ऊब राखणे यांसाठी, बैठे आयुष्य जगणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चापैकी साठ ते सत्तर टक्के ऊर्जा लागते. खाल्लेले पचवण्यात साधारण दहावा हिस्सा जातो. उरते ते सगळे हालचालीचे, आणि त्या हालचालीत ठरवून केलेला व्यायाम हा बहुतेकांच्या बाबतीत अगदी लहान तुकडा असतो. मोठा तुकडा असतो तो उठण्या-बसण्याचा, उभे राहण्याचा, चालण्याचा, उचलण्याचा, पुसण्याचा, चिरण्याचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन या संशोधकाने व्यायामाबाहेरच्या या हालचालींचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि सारख्याच बांध्याच्या दोन माणसांत केवळ या एका बाबीमुळे दिवसाला दोन हजार कॅलरींपर्यंत फरक पडू शकतो, असे मांडले. (कॅलरी म्हणजे येथे सर्वत्र खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर छापतात ती किलोकॅलरी समजावी.) एवढ्या मोठ्या गोष्टीला ‘धरू नका’ म्हणून सोडून देता येत नाही.

आता ही हालचाल मोजलेली कुठे असते ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या आहाराच्या गरजांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी तीन आकडे आहेत. बैठे काम करणारी असेल तर १६६० कॅलरी, मध्यम काम करणारी असेल तर २१३०, आणि कष्टाचे काम करणारी असेल तर २७२०. ६५ किलोच्या पुरुषासाठी हेच आकडे २११०, २७१० आणि ३४७० असे आहेत. हे तीन आकडे थोडे उलटे सोडवून पाहावेत, कारण त्यात सगळे गमक आहे. स्वस्थ पडून राहिले असता लागणाऱ्या ऊर्जेला बैठ्या कामासाठी १.४ ने, मध्यम कामासाठी १.८ ने आणि कष्टाच्या कामासाठी २.३ ने गुणून ते काढलेले आहेत. म्हणजे स्त्रीच्या बाबतीत मूळ आकडा तिन्ही ठिकाणी ११८५ च्या आसपासच येतो. शरीर तेच, पाया तोच. बदलतो तो फक्त दिवसभराच्या वावराचा गुणक. बैठ्या आणि मध्यम कामातले ४७० कॅलरींचे अंतर म्हणजेच झाडणे, पुसणे, वाहणे, चढणे, उतरणे. कोणी त्याला व्यायाम म्हणो वा न म्हणो, त्याची किंमत कोष्टकात आधीच लागलेली आहे.

मोबाईलमधली बहुतेक ॲप्स सुरुवातीलाच विचारतात, की तुमचा दिवस बैठा जातो, थोडा हालचालीचा, मध्यम की पुष्कळ हालचालीचा. वय, उंची आणि वजन यांवरून स्वस्थ अवस्थेतील खर्च काढण्याचे एक सूत्र १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी दिले होते. १९९० साली आलेले मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र आज जास्त वापरले जाते. या सूत्राने आलेल्या आकड्याला आपल्या उत्तराप्रमाणे १.२ पासून १.९ पर्यंतच्या एखाद्या गुणकाने गुणले जाते. हा प्रश्न पडद्यावर एकदाच येतो, आपण घाईत एक पर्याय दाबतो आणि विसरून जातो. मग सहा महिने रोज संध्याकाळी वेगळ्याच रकान्याशी झगडत बसतो. माझी सगळी नोकरी पणजीत सरकारी लेखा विभागात गेली, त्यामुळे मला हे एकाच रीतीने पटकन समजते. प्रवासभत्ता ज्याच्या ठरावीक पगारात धरलेला आहे, त्याला रोजच्या येण्याजाण्याचे बिल पुन्हा लावता येत नाही. आणि ज्याच्या पगारात तो धरलेलाच नाही, त्याचे बिल नाकारणे हा अन्याय आहे. आधी पगारपत्रक पाहावे लागते.

सावई वेऱ्याला माझ्या थोरल्या भावाचे कुळागर, म्हणजे पोफळींची बागायत, आहे. वहिनींना गेल्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले आणि शहरातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना दिवसाचा आहार आखून दिला. घरकाम व्यायामात येत नाही, तेव्हा रोज पाऊण तास चालायला जा, असेही सांगितले. वहिनींनी वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “भावजी, मी दिवसभर करते ते मग कशात येते? कशातच नाही?” त्या वहीत मी प्रथम वरचा आकडा पाहिला. त्यांची गणना ‘बैठे काम’ या वर्गात केलेली होती, आणि वजन उतरावे म्हणून त्या बैठ्या आकड्यातूनही आणखी काही कॅलरी कमी केलेल्या होत्या.

वहिनींचा दिवस मी लहानपणापासून पाहिलेल्या त्या घराच्या सगळ्या बायकांसारखाच आहे. पहाटे गोठा, मग चूल नाही तरी गॅसपुढचे उभे राहणे, मग चिऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली कुळागरात जाणे. उन्हाळ्यात पाटाचे पाणी पोफळींच्या एका रांगेवरून दुसऱ्या रांगेकडे वळवायचे असते, त्यासाठी वाकून मातीचा बांध फोडायचा आणि दुसरा घालायचा. पडलेल्या झावळ्या ओढून एका बाजूला लावायच्या. सुपारीच्या दिवसांत ती गोळा करून अंगणात पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची. मिरी काढायची, कोकमाच्या दिवसांत सोले वाळवायची. यात एकही काम असे नाही, की ज्याला मैदानी चालीइतका दम लागतो. पण यातले एकही काम खुर्चीत बसून होत नाही. ही बाई कोष्टकातल्या मध्यम वर्गात तरी नक्की बसते. त्यांचे वजन ५५ किलोपेक्षा थोडे जास्त आहे, परंतु उदाहरणापुरते तेच आकडे धरले, तरी पहिल्याच ओळीत दिवसाला ४७० कॅलरी हिशेबातून गळाल्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास त्यांचे हातपाय गळत आणि त्या साखर घातलेला चहा आणि पाव यांवर तहान-भूक भागवत. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत असे गळून जाणे हलक्यावर नेण्यासारखे नसते. आहारतज्ज्ञ बाईंचे वाक्य एका अर्थाने बरोबर होते. घरकाम व्यायामाच्या रकान्यात लिहायचे नसतेच. पण ते न लिहिण्याचा अधिकार तेव्हाच मिळतो, जेव्हा ते वर, पायाभूत आकड्यात मान्य केलेले असते. वर बैठे म्हणायचे आणि खाली धरू नका म्हणायचे, यात त्या बाईचा अर्धा दिवस नाहीसा होतो.

याउलट टोकही तितकेच समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात फसणारी माणसे जास्त असावीत असे मला वाटते. प्रत्येक हालचालीची ऊर्जा मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एक सोपे माप वापरतात. स्वस्थ बसले असता दर किलो वजनाला दर तासाला साधारण एक कॅलरी जाते, हे एक एकक. मग बाकीची कामे त्याच्या किती पट, ते सांगायचे. अमेरिकेतील बार्बरा एन्सवर्थ यांनी इतर संशोधकांसह १९९३ साली अशा कामांची मोठी सूची प्रसिद्ध केली आणि तिच्या पुढे २०००, २०११ आणि २०२४ साली सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यात झाडू मारणे सव्वातीन पटींच्या आसपास येते, स्वयंपाक दोन पटींच्या आसपास, बेताच्या चालीने चालणे साडेतीन पटींच्या आसपास. आता ५५ किलोच्या स्त्रीने अर्धा तास झाडलोट केली, तर ॲप सांगते नव्वद कॅलरी. पण ती अर्धा तास नुसती बसून राहिली असती, तरी सत्तावीस-अठ्ठावीस कॅलरी गेल्याच असत्या, आणि त्या तिच्या दिवसाच्या मूळ आकड्यात धरलेल्या आहेत. म्हणजे झाडण्यामुळे जास्त गेल्या त्या साठ-बासष्ट. आणि जर तिने वर्ग ‘मध्यम’ निवडला असेल, तर याही साठ-बासष्ट आधीच मोजलेल्या आहेत, आणि तिच्या खात्यावर नवीन जमा शून्य आहे. ॲप मात्र नव्वद जमा दाखवते. असे दिवसात चार-पाच वेळा झाले, की एका भरल्या ताटाइतका हिशेब हवेत तयार होतो.

कामाचे कष्ट आणि कामाची ऊर्जा यांत किती अंतर असते, हे विहिरीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दहा लिटरची भरलेली कळशी आठ मीटर खोलीवरून रहाटाने वर काढायची आहे, असे समजा. शाळेत शिकलेल्या सूत्राने ते काम ७८४ ज्यूल होते, म्हणजे एका कॅलरीचा जेमतेम पाचवा भाग. स्नायू हे यंत्र म्हणून फार काटकसरी नाहीत; खर्च केलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्साच कामात उतरतो, बाकी उष्णता होऊन जाते. तेव्हा एका कळशीमागे शरीराचा खर्च एक कॅलरीच्या आत-बाहेर. दोर घट्ट धरणे, वाकणे, कळशी काठावरून उचलून बाजूला ठेवणे यांसाठी वर आणखी थोडे धरा. तीस कळशा काढल्या, खांदे भरून आले, तळहाताला दोराचा लाल वळ उठला, तरी खर्च फार तर तीस-चाळीस कॅलरींचा. आणि एका लहान चमच्याभर साखरेत वीस असतात. ओल्या नारळाच्या शंभर ग्रॅम खोबऱ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. रोजच्या हुमणासाठी, म्हणजे माशांच्या कालवणासाठी, आदोळीवर (नारळ खवण्याच्या विळीवर) नारळ खवताना पाय दुमडून बसावे लागते, मनगट फिरत राहते, पाठीला रग लागते. पण त्या खवण्याने जे गेले, ते त्याच खोबऱ्याच्या दोन-तीन घासांत परत येते. हे सांगताना कष्टांची किंमत कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दुखणारे खांदे खरे आहेत, परंतु ते कॅलरींचे माप नव्हेत.

घामाविषयीही हेच. आपल्या किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत हवेत इतकी दमट उष्णता असते, की नुसते अंगणात उभे राहिले तरी सदरा भिजतो, आणि पुष्कळ माणसे भिजलेला सदरा म्हणजे झिजलेली चरबी, असे धरून चालतात. घाम शरीर थंड ठेवण्यासाठी येतो. हवा दमट असली, की तो वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून तो आणखी येतो. डिसेंबरात एखादा चढ चढताना जेवढी ऊर्जा जाते, जवळपास तेवढीच मे महिन्यात तोच चढ चढताना जाते. जास्तीचे जाते ते पाणी आणि मीठ. काट्यावर दुपारी अर्धा किलो कमी दिसते आणि दोन तांबे पाणी प्यायले, की ते परत येते. यावर जेवणाचा हिशेब बांधू नये.

मनगटावरच्या घड्याळांनी हा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली अशी सात उपकरणे साठ माणसांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेक उपकरणांनी चांगले मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत कमी अचूक उपकरण ९३ टक्क्यांनी चुकत होते. घरकामाच्या बाबतीत तर घड्याळाची अडचण डोळ्यांनी दिसते. खवताना मनगट हलते म्हणून घड्याळ पावले मोजते. स्कूटरवरून खड्ड्यांच्या रस्त्याने गेले, तरी पावले मोजते. आणि वहिनी कमरेवर कळशी धरून चिऱ्याच्या पायऱ्या चढतात, तेव्हा हात स्थिर असतो म्हणून त्यांची पुष्कळ पावले सुटून जातात. सगळ्यांत जड काम सगळ्यांत कमी मोजले जाते. ज्यांना घड्याळ आवडते त्यांनी ते जरूर वापरावे, आज कालच्यापेक्षा जास्त हिंडलो का हे कळण्यापुरते ते उपयोगी आहे; पण त्यावरचा कॅलरीचा आकडा ताटात वाढून घेण्यासारखा नसतो.

शिवाय शरीर स्वतःही हिशेब करीत असते. लेव्हाइन यांच्या १९९९ सालच्या प्रयोगात सोळा माणसांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार कॅलरी जास्त खायला दिल्या. सगळ्यांना सारखेच जास्त मिळूनही कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, कोणाची चार किलोंवर वाढली. आणि हा फरक मुख्यतः नकळत वाढलेल्या हालचालींमुळे पडला होता. ज्यांचे शरीर आपोआप जास्त हलू लागले, ते वाचले. हेच उलट दिशेनेही होते. हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाड्झा या शिकारी आणि कंदमुळे गोळा करणाऱ्या लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च मोजून २०१२ साली प्रसिद्ध केला. शारीरिक बांध्याचा फरक वजा केला, तर दिवसभर चालणाऱ्या त्या माणसांचा एकूण खर्च अमेरिकेतल्या बैठ्या माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. पाँट्झर यांचे म्हणणे असे, की हालचाल वाढली, की शरीर दुसरीकडे कुठेतरी काटकसर करते, त्यामुळे एकूण खर्च एका मर्यादेच्या आसपास राहू पाहतो. ही काटकसर किती होते, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे आणि तो चालू राहील. पण सामान्य माणसाच्या उपयोगाची गोष्ट स्पष्ट आहे. संध्याकाळी तासभर चाललो, म्हणून दोनशे कॅलरी हमखास शिल्लक पडल्या, असे समजून चालता येत नाही. कारण त्यानंतर आपण दोन तास नेहमीपेक्षा स्थिर बसलो असू, आणि ते आपल्या लक्षातही आले नसेल.

इथपर्यंत सगळे वजनाच्या हिशेबाविषयी झाले. आरोग्याचा हिशेब वेगळा आहे, आणि या दोहोंची गल्लत हे या प्रश्नावरच्या बहुतेक भांडणांचे कारण आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असत, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत तिकिटे फाडत, आणि कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. त्यांतला कोणी मैदानावर जात होता म्हणून नव्हे. रोजीरोटीचे काम करता करता ते होत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली, तेव्हा ती सलग दहा मिनिटे तरी असलीच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. घरकाम, ये-जा, नोकरीतील काम हे सगळे तीत येते. तेव्हा हृदयाच्या, रक्तातील साखरेच्या आणि सांध्यांच्या दृष्टीने वहिनींचे बरेचसे काम व्यायामच आहे, आणि कोणी त्यांना ‘तुम्ही काही करत नाही’ असे सांगू नये.

तसे सांगण्याचे परिणामही होत असावेत. एलिया क्रम आणि एलन लँगर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सात हॉटेलांतील ८४ सफाई कामगार स्त्रियांपैकी काहींना सांगण्यात आले, की खोल्या साफ करण्याचे तुमचे काम हाच चांगला व्यायाम आहे. चार आठवड्यांनी त्यांचे वजन आणि रक्तदाब इतरांपेक्षा थोडे उतरलेले आढळले. त्या स्त्रियांनी या काळात काय खाल्ले, याची बारकाईने मोजदाद झालेली नव्हती, म्हणून एवढ्या एका अभ्यासावर मी सगळा भार टाकणार नाही. पण गोव्याच्या किनाऱ्यावरील हॉटेलांत सत्तरी, पेडणे, डिचोलीकडून रोज बसने येऊन गाद्या उचलणाऱ्या आणि न्हाणीघरे घासणाऱ्या हजारो बायका आहेत, आणि आपण जे करतो ते शरीराच्या खात्यावर जमा होत आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मात्र सगळी अंगमेहनत आरोग्याला सारखी नसते, हेही तितकेच खरे. डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षे दाखवत आले आहेत, की पोटासाठी केलेले जड, तासन्‌तास चालणारे, मध्ये विसावा नसलेले काम हृदयाला त्या प्रमाणात लाभ देत नाही, उलट अपाय करू शकते. फुरसतीत केलेल्या व्यायामात आपण हवे तेव्हा थांबतो, वेग स्वतः ठरवतो, नंतर विश्रांती घेतो. सिमेंटची घमेली वाहणाऱ्या मजुराला यातले काहीच नसते. त्याला संध्याकाळी फिरायला जा म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्याला हवी ती झोप आणि पोटभर जेवण. आणि वहिनींच्या बाबतीत उणीव असेल, तर ती दम लागण्याची आहे. दिवसभर हात-पाय चालतात, पण श्वास भराभर चालावा असे काही त्यात नाही. आठवड्यातून काही दिवस चढावर थोडे झपझप चालणे त्यांच्या हिताचे आहे, असे मला वाटते. ते हृदयासाठी, वहीतल्या कॅलरींसाठी नव्हे.

हा सगळा विषय आमच्या गोव्यात तातडीचा का आहे, हे आकड्यांत पाहावे. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के होते आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्याला कारणे अनेक आहेत आणि ती एका लेखात मावणार नाहीत. पण एक बदल आमच्या पिढीने स्वतः पाहिला आहे. रगडा गेला आणि मिक्सर आला, विहीर गेली आणि नळ आला, शेणाने सारवलेली जमीन गेली आणि फरशी आली, तेव्हा बायकांच्या खांद्यावरचा मोठा भार उतरला. त्या दिवसांची ओढ मला अजिबात नाही, कारण त्या रगड्यापुढे बसलेली आई मी पाहिली आहे. पुरुषांच्या बाबतीत चालणे गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील ४५ टक्के कुटुंबांकडे चारचाकी गाडी आढळली, आणि दुचाकी तर दारोदारी आहे. पाडा ते बाजार हे चालत जाण्याचे अंतर आता कोणी चालत जात नाही. ताटातले शीत, म्हणजे भात, मात्र त्याच मापाचे राहिले. गुणक १.८ वरून १.४ वर आला आणि पुष्कळ घरांत त्याची नोंद कोणी घेतलीच नाही. म्हणूनच ‘मी दिवसभर कामात असतो’ असे ज्या कारकुनाला, दुकानदाराला, शिक्षकाला वाटते, त्याने आपला वर्ग निवडताना फार सावध राहावे. डोक्याचा शीण आणि गल्ल्यामागची आठ तासांची धावपळ खरी असते, पण कोष्टकात ती बैठी आहे.

वर्ग नेमका कोणता, याची शंका असेल, तर ती दूर करण्याचा एक मार्ग आहे आणि त्याला घड्याळ लागत नाही. तीन-चार आठवडे जे खातो ते सगळे इमानाने लिहावे, रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. रोजच्या आकड्याकडे पाहू नये; खारवलेली मासळी खाल्ली किंवा रात्री उशिरा जेवलो, तर तो एक-एक किलोने हलतो. सरासरी स्थिर असेल, तर आपण जेवढे खाल्ले तेवढाच आपला खर्च. त्यात झाडणे आले, जिने आले, कळशा आल्या, न कळत पाय हलवणे आले, शरीराची काटकसरही आली. सरासरी हळूहळू खाली जात असेल, तर एका किलोमागे साधारण ७७०० कॅलरी धरून खर्च किती जास्त आहे ते काढता येते. हा आकडा कोणत्याही सूत्रापेक्षा आपला स्वतःचा असतो. त्यानंतर रोजचे काहीही वेगळे लिहायचे कारण उरत नाही. वेगळे लिहायचे ते खरोखर नेहमीच्या बाहेरचे असेल तर. दिंडीबरोबर पंढरपूरला पायी निघालेला माणूस घरच्या आकड्यावर जगू शकत नाही, आणि त्याने जास्त खाल्लेच पाहिजे. चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यात घर धुऊन काढणे, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे, सामान रानातून आणणे, शिड्यांवर चढून ते बांधणे, हेही मला त्याच जातीचे वाटते, फक्त त्याच दिवसांत नेवऱ्या आणि पातोळ्या ही गोडधोडेही होतात, म्हणून मी ते जमेला धरत नाही आणि वजेलाही धरत नाही.

वहिनींच्या वहीत आम्ही डॉक्टरांना विचारून वरचा वर्ग बदलला, त्यांची सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण वाढवले आणि व्यायामाचे पान कोरे ठेवले. चारच्या सुमाराचे गळून जाणे थांबले. वजन फार सावकाश उतरते आहे, आणि डॉक्टर म्हणतात तसेच उतरू दे. हे आकडे उन्हाळ्यातले आहेत, पाटाचे पाणी फिरवण्याच्या दिवसांतले. जूनमध्ये पाऊस लागला, की पाणी द्यावे लागणार नाही, पायऱ्यांना शेवाळ येईल, आणि खाली कुळागरात जाण्याच्या त्यांच्या खेपा बऱ्याच कमी होतील. म्हणून जुलैत पुन्हा चार आठवडे सगळे लिहून पाहायचे, आणि तोवर आहे तोच आकडा चालू ठेवायचा, असे आमचे ठरले आहे.